आठवी पुरचुंडी

भडगाव, १२ मार्च १९३५

तीर्थस्वरूप भिकुअक्कांस,
शेवंतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला धुळ्याला जाऊन आज तेवीस दिवस झाले. तोताराम भाऊजींच्या दोघी पोरी आता रात्री झोपतात का? आई गेल्यावर लेकरं महिना महिना दाराकडे बघत राहतात, असं माझी आई म्हणते. तुम्ही तिथे आहात म्हणून त्यांचं निभेल.

इकडचं लिहिते. कापूस विकून झाला. भाव पडलेलाच. यांनी माझ्या पदरात चारशे ऐंशी रुपये टाकले आणि म्हणाले, "अक्का करे तसं कर. पुढला कापूस येवालोंग पुरनं पाहिजे." एवढं बोलून बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मी ते पैसे पुढ्यात घेऊन बसले आणि मला घाम फुटला. मी एरंडोलच्या मास्तरांची लेक. आमच्याकडे पहिल्या तारखेला बावीस रुपये यायचे. आई ते चार डब्यांत टाकायची. तीस तारखेला डबे रिकामे झाले तरी कुणी घाबरायचं नाही, कारण परवा पुन्हा बावीस येणार असायचे. इथे वर्षातून एकदाच येतं, आणि मग वर्षभर नुसतं जातं.

चार वर्षं तुम्हा नणंदबाईंच्या हाताखाली काढली, पण पैशांची पेटी उघडताना तुम्ही माझ्याकडे पाठ करत होता. मी कधी विचारलं नाही. आता विचारते. कशाला किती काढून ठेवायचं, कशाला हात लावायचा नाही, सगळं सविस्तर लिहा.

काल डुबुकवड्या केल्या होत्या. यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, अक्काच्या हातची चव नाही. तुमचं नाव या घरात दिवसातून दहा वेळा निघतं. तिकडे उचकी लागत असेल.

पोरगी आता भिंत धरून उभी राहते.

आपली,
शेवंती


धुळे, फाल्गुन वद्य ६

चि. सौ. शेवंतीस भिकुबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तोता कचेरीतून आल्यावर वाचायला मागत होता, मी दिलं नाही. माझं अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. वडिलांनी कापसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिहिण्यापुरतं शिकवलं, तेवढ्यावरच आजवर चाललंय.

आता नीट वाच. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घे आणि सात पुरचुंड्या बांध. पहिली शेतसाऱ्याची. ती बांधली की मेलीस तरी सोडायची नाही. दुसरी बियाण्याची. तिसरी सालदार निंबाच्या वर्षाच्या पगाराची. चौथी निंदणी-वेचणीच्या बायकांची, त्यात सुट्टे पैसे ठेव, नाहीतर त्या रुपया मोडायला दुकानात जातात आणि परत येत नाहीत. पाचवी मीठ-तेल-गुळाची. तेल दिवाळीआधी एकदम घ्यायचं, केवलचंदच्या दुकानात चार पैसे कमी करून मागायचं, तो देतो. सहावी कापडाची. सातवी दुखण्याखुपण्याची आणि पाहुण्यांची. एका पुरचुंडीतलं दुसरीत घालायचं नाही. अभिमनने मागितलं तरी नाही. तो मागेल, त्याला जत्रेत बैल दिसला की तो मागतो. त्याला सांगायचं, पेटीची किल्ली सापडत नाही.

मी एकोणीस वर्षं असं चालवलं. पाऊस नव्हता त्या सालीही घरात कुणाला अर्धी भाकर खावी लागली नाही.

इथलं म्हणशील तर तोताचा पगार बत्तीस रुपये. हातचा मळ आहे तो मला. शेजारच्या बायका दर बाजारी दोन-दोन पायल्या ज्वारी आणतात, बघून हसू येतं. मी आल्या आल्या वर्षाचं धान्य एकदम भरलं. चार पोती ज्वारी, दोन पोती गहू, एक तुरीचं. दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही, पण घर कसं भरल्यासारखं दिसतं. पैसे कुठून आणले ते विचारू नकोस. भिकुबाईचा हात रिकामा नसतो.

अभिमनला म्हणावं, चव हाताला नसते, भुकेला असते. पण त्याने आठवण काढली ते वाचून बरं वाटलं.

भिकुबाई


भडगाव, २२ एप्रिल १९३५

तीर्थस्वरूप अक्कांस,
शेवंतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

सात पुरचुंड्या बांधल्या. प्रत्येकीला चिठ्ठी लावली. हे बघून हसले, म्हणाले, मास्तरीणबाईची शाळा. पण दुसऱ्या दिवशी बैलासाठी वीस रुपये मागायला आले तेव्हा मी तुमचंच वाक्य म्हटलं. यांना ते वाक्य ओळखीचं वाटलं असावं. परत गोठ्याकडे गेले.

एक गोष्ट मी माझ्या मनाने केली. तूप विकलं. तुम्ही गेल्यापासून थोडं थोडं साठवलं होतं, त्याचे चौदा रुपये आले. ते सगळे पेटीत टाकले आणि यांना दाखवले. खूश होऊन म्हणाले, अक्काच्या वेळी तुपाचा पैसा कधी पेटीत दिसला नाही. मला फार आनंद झाला, तुम्हाला राग येणार नसेल तर खरं सांगते. या घरात पहिल्यांदाच तुमच्यापेक्षा मी काहीतरी जास्त केलं असं कुणी म्हणालं.

तुमच्या सात पोत्यांचं वाचलं. त्यावर काही लिहिणार होते, मग वाटलं, तुम्हाला मी काय सांगावं.

आता आखाजीचा सण तेरा दिवसांवर आला. निंबाचं साल त्या दिवशी संपतं आणि नवं बसतं. अकरा वर्षं तो आपल्याकडे सालदार आहे, मला या घरात येऊन चारच. यांनी त्याच्याशी पंच्याऐंशी रुपये आणि एक धोतरजोडी ठरवली आहे. ते मी बाजूला ठेवलं. याखेरीज त्याला, किंवा आणखी कुणाला, काही द्यायचं असतं का? तुमच्या वेळचा काही रिवाज असेल तर पत्राने कळवा. माझ्याकडून काही राहायला नको.

आपली,
शेवंती


धुळे, चैत्र वद्य १०

चि. सौ. शेवंतीस आशीर्वाद.

आखाजीला वेगळं काही नसतं. घागर भरायची, पितरांना पाणी द्यायचं, सांजोऱ्या करायच्या. निंबाचं अभिमनने ठरवलंय ना, मग झालं. पुरुषांचं पुरुषांनी बघावं.

तुपाचे पैसे पेटीत टाकलेस, चांगलं केलंस. अभिमन खूश झाला हे वाचलं.

इकडे ऊन फार. पाणी नळाचं, तेही सकाळी घटकाभर. जळणसुद्धा विकत घ्यावं लागतं. गावाला काटक्या वेचायला कधी पैसे लागले नाहीत. बाकी सर्व उत्तम चाललंय.

भिकुबाई


भडगाव, १६ मे १९३५

तीर्थस्वरूप अक्कांस,
शेवंतीचा नमस्कार.

निंबा गेला. कसं झालं ते सांगते, कारण मला अजून कळलेलं नाही.

आखाजीच्या दिवशी सकाळीच त्याची बायको ताईबाई आली. न बोलावता आली, दळायला बसली, सांजोऱ्या लाटू लागली. मला वाटलं, सणाचं माणूस येतं. मी तिला जेवायला वाढलं, पोरांसाठी सांजोऱ्या बांधून दिल्या. ती गेली नाही. ओसरीला टेकून बसली. मी आत-बाहेर करत होते तसतशी माझ्याकडे बघत होती. दिवस मावळायला आला तेव्हा उठली, पदर झटकला, सांजोऱ्यांचं गाठोडं ओसरीवरच ठेवलं आणि चालू लागली. मी हाक मारली तर वळली नाही.

दोन दिवसांनी निंबाने दोर, पराणी, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. यांना म्हणाला, "भाऊ, आवंदा मी दुसरीकडे जास." हे म्हणाले, पैसे वाढवून हवेत का? तो म्हणाला, पैशाचं काही नाही. मग कशाचं? तो रामराम करून निघाला. मळ्याकडच्या पाटलांकडे राहिलाय. त्यांनी पाच रुपये जास्त दिले म्हणे, पण ते तर दरसाल देत होते, आणि तो दरसाल इथेच राहत होता.

हे त्या रात्री जेवले नाहीत. ताट सरकवून म्हणाले, "अक्का व्हती तवय असं कधी जयं नही." मला म्हणाले, तू ताईबाईला काय बोललीस? मी देवाची शपथ घेतली. त्यांचा विश्वास बसला नाही.

अक्का, मी काय चुकले? तुम्हाला काही सुचत असेल तर लिहा.

शेवंती


धुळे, वैशाख वद्य ५

चि. सौ. शेवंतीस आशीर्वाद.

सालदार गेला म्हणून शेत ओस पडत नाही. दुसरा मिळेल. तू काही चुकलीस असं मी म्हणत नाही.

पण माझ्या वेळी तो अकरा वर्षांत गेला नाही, हेही खरं. माणसं सांभाळायला नजर लागते. ती काही पुरचुंडीत बांधून देता येत नाही. हळूहळू येईल. न आली तर अभिमन आहेच.

अभिमनला म्हणावं, जेवणावर राग काढू नये. त्याला कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा करून दे. मी असते तर तेच केलं असतं.

भिकुबाई


भडगाव, १८ ऑगस्ट १९३५

अक्कास अभिमनचा नमस्कार.

कार्ड लिहितो, जास्त लिहायला वेळ नाही. आखाजीपासून दोन सालदार बदलले. पहिला पंधरा दिवसांत पळाला, दुसऱ्याने पांढऱ्या बैलाचा पाय मोडला. कपाशी बारा दिवस उशिरा पडली, आताच पिवळी दिसते आहे. शेवंतीला घर पेलत नाही. वाईट नाही ती, पण पेलत नाही.

तू परत ये. पोरींनाही इकडेच आण, तोता खानावळीत जेवेल. शेवंतीला चार-सहा महिने एरंडोलला तिच्या माहेरी धाडतो. तिला सांगितलं. तिने पेटी बांधायला घेतली. पोळा झाला की मी चाळीसगावपर्यंत घ्यायला येतो. बोचकं बांधून ठेव.

अभिमन


भडगाव, २४ ऑगस्ट १९३५

अक्कांस,

यांचं कार्ड तुम्हाला मिळालं असेल. माझीही कपड्यांची पेटी बांधून तयार आहे. पोळा पाच दिवसांवर आहे. त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून आज स्वतः टपालात टाकायला जाणार आहे.

परवा गिरणेवर धुणं धुवायला गेले होते. ताईबाई पलीकडच्या दगडावर होती. आखाजीपासून ती माझ्याशी बोललेली नाही. मी धुणं तसंच सोडून तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, आता मी जातेच आहे, जाण्याआधी माझी चूक तरी सांग. तिने हातातलं लुगडं पिळलं. मग म्हणाली, "अक्का न मांगता दे. आम्ही कधी तोंड उघाडं नही."

काय देत होत्या, म्हणून विचारलं. दोन मण ज्वारी, एक लुगडं आणि पाच रुपये रोख. दरसाल आखाजीला, मागल्या दाराने, तिच्या हातात. निंबालासुद्धा रक्कम ठाऊक नाही. गावात पाच रुपये जास्त देणारे पुष्कळ होते, पण दरवेळी ताईबाईच त्याला म्हणायची, इथेच राहा. यंदा ती दिवसभर ओसरीवर बसून राहिली, आणि मी तिला सांजोऱ्या दिल्या. तिला वाटलं, नव्या मालकिणीला आमची किंमत नाही.

मी विचारलं, अक्का हे पैसे कुठून आणत होत्या? ती म्हणाली, तुपाचे.

अक्का, तुपाचे. ते चौदा रुपये मी पेटीत टाकले तेव्हा तुम्हाला कळवलं होतं. "चांगलं केलंस" असं तुम्ही लिहिलंत. आखाजीला आणखी कुणाला काही द्यायचं असतं का, हे मी शब्दाशब्दाने विचारलं होतं. ते पत्र तुमच्याकडे असेल, काढून बघा. तुम्ही सात पुरचुंड्या सांगितल्या, आठवी सांगितली नाही.

विसरलात असं लिहू नका. चार वर्षांपूर्वी शेजारणीने नेलेली मिठाची वाटी तुम्हाला आठवते.

मी यांना काही सांगितलेलं नाही. सांगितलं तरी पटणार नाही. या घरात तुम्ही चुकत नाही. मी एरंडोलला जाते. लोक विचारतील, नवऱ्याने का धाडली, तर मी काय सांगू?

शेवंती


धुळे, भाद्रपद शुद्ध ५

चि. सौ. शेवंतीस,

अभिमनचं कार्ड आलं त्या दिवशी मी शेजारच्या बायकांना पेढे वाटले. बोचकं बांधलं. पोरींना म्हटलं, चला, आपल्या घरी जायचंय. चार दिवसांनी तुझं पत्र आलं.

ते आधी लपवलं. मग रात्रभर काय उत्तर द्यावं ते जुळवत बसले. विसरले असंच लिहिणार होते, तू तेही आधीच अडवून ठेवलंस.

मी विसरले नव्हते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा सात लिहिल्या आणि आठवीपाशी हात थांबला. म्हटलं, पुढच्या पत्रात सांगू. मग तुझं तुपाचं पत्र आलं. अभिमन खूश झाला असं तू लिहिलंस ना, ते वाचून मी जळले. ते पैसे मी अकरा वर्षं लपवून ठेवत आले, त्यांचं पुण्य कुणाला दिसलं नाही, आणि तू चौदा रुपये पेटीत टाकून शाबासकी घेतलीस. तेव्हा ठरवलं, सांगायचं नाही. आखाजीला काय होणार हे मला नीट ठाऊक होतं. त्या दिवशी मी इथे पोरींना सांजोऱ्या करून वाढत होते आणि मनात म्हणत होते, आता ताईबाई उठली असेल.

चौदाव्या वर्षी विधवा होऊन परत आले मी भडगावच्या घरी. आई गेलेली, अभिमन नऊ महिन्यांचा होता, तोता चार वर्षांचा. नाही, चुकले, आई तेव्हा होती, तोता जन्मायचा होता, त्याच्या बाळंतपणात ती गेली आणि दोघांना मी वाढवलं. बघ, असं गोंधळायला होतं. वडील गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. कुंकू नाही, मूल नाही, शेतावर नाव नाही. पेटी होती. तू लग्न होऊन आलीस तेव्हाच मला कळलं होतं की ती एक दिवस तुझी होणार. म्हणून पाठ करत होते.

आणखी ऐक, म्हणजे तुझं समाधान होईल. इथे माझं काही उत्तम चाललेलं नाही. ती सात पोती मी माझ्या साठवलेल्या साठ रुपयांतून घेतली. इथल्या ओल्या खोलीत आषाढातच ज्वारीला किडे झाले, अर्धी गुरांना गेली. तोताचा पगार वीस तारखेला संपतो. घरभाड्याला मालक दारात उभा राहिला तेव्हा मी आतल्या खोलीत तोंड लपवून बसले. मला एवढ्या तेवढ्यात घर चालवता येत नाही. वर्षाचं येतं, महिन्याचं येत नाही.

मी येत नाही. अभिमनला काल वेगळं पत्र टाकलंय. त्यात लिहिलंय की निंबा शेवंतीमुळे गेला नाही, माझ्यामुळे गेला, आणि शेवंतीला माहेरी धाडलंस तर मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही.

माफ कर असं लिहिण्याची मला सवय नाही.

भिकुबाई


भडगाव, १५ सप्टेंबर १९३५

तीर्थस्वरूप अक्कांस,
शेवंतीचा नमस्कार.

यांनी तुमचं पत्र गोठ्यात उभ्याने वाचलं. तिसऱ्या दिवशी माझी बांधलेली पेटी स्वतः उचलून आत नेली आणि म्हणाले, "उघड ती." तेवढंच. तेव्हापासून "अक्का असती तर" हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्याचंही मला चमत्कारिक वाटतं. इतके महिने ते वाक्य ऐकून मी जळत आले, आणि आता ते नाही तर घर मुकं वाटतं.

माझा राग गेलेला नाही. पण माझ्याकडेही लपवलेलं आहे, ते सांगते. तुम्ही पोत्यांचं लिहिलंत तेव्हाच मला माहीत होतं की किडे पडणार. एरंडोलला आमच्या शेजारी नव्या आलेल्या तलाठ्याच्या बायकोने तेच केलं होतं. मी लिहायला घेतलं आणि थांबले. म्हटलं, होऊ दे एकदा अक्कांची फजिती. ती झाली, आणि तुमचे साठ रुपये गेले.

आता माझ्या आईची रीत लिहिते. पगार हातात आला की त्याच दिवशी आधी भाडं देऊन यायचं, घरी सुद्धा आणायचं नाही ते. मग उरलेल्याचे चार भाग. एका डब्यात सात दिवसांचं. रविवारी दुसरा डबा उघडायचा, त्याआधी नाही. ज्वारी पंधरा दिवसांपुरती. जळण मात्र उन्हाळ्यात गाडीभर एकदम घ्यायचं, पावसाळ्यात दुप्पट भाव होतो. दूधवाल्याला आठवड्याला चुकतं करायचं, महिन्याला केलं की तो खाडे विसरतो. महिन्याचे वरचे दोन-तीन दिवस कोणत्याच डब्यात बसत नाहीत. त्यासाठी दर आठवड्याला चार आणे बाजूला टाकायचे. आई त्यांना "एकतिसाचे पैसे" म्हणते.

सगळं लिहिलंय. काही ठेवून घेतलेलं नाही.

शेवंती


धुळे, मार्गशीर्ष शुद्ध ४

चि. सौ. शेवंतीस आशीर्वाद.

आज इंग्रजी महिन्याची तीस तारीख. डब्यात एक रुपया तीन आणे उरले. तोताला दाखवले. तो कचेरीतला माणूस, त्याला काही नवल वाटलं नाही. मला वाटलं.

मी तुझ्या आईला कधी पाहिलं नाही. बावीस रुपयांत तिने महिना काढला म्हणतेस. तिचा मला राग येतो.

पोरींची अंगं भरली आहेत. धाकटी मला आई म्हणते, थोरली तिला चिमटा काढते.

कापूस कसा आहे?

भिकुबाई


भडगाव, ६ एप्रिल १९३६

तीर्थस्वरूप अक्कांस,
शेवंतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

कापूस कमी आला. तीनशे साठ. पेरणी उशिरा झाली त्याची भरपाई होत नाही. शेतसारा आणि बियाणं काढलं, कापडाची पुरचुंडी यंदा बांधलीच नाही. यांनी बैलाचं नाव काढलं नाही.

ताईबाईला मी दिवाळीत लुगडं दिलं. तिने घेतलं, बोलते आता. पण निंबा परत येत नाही. नव्या मालकाला पुढच्या सालाचा शब्द देऊन बसलाय, आणि तो शब्दाचा माणूस. आपल्याकडे कजगावचा वना म्हणून एक जण ठरलाय. त्याच्या बायकोला बोलावून मी यांच्यासमोर सांगितलं की पगार नवऱ्याचा, आणि आखाजीला ज्वारी, लुगडं आणि रोख पाच रुपये तुझे. हे म्हणाले, हिशेबाच्या वहीत लिही. तुपाच्या पैशांसमोर लिहिलंय. यांना माहीत असलं की मी आजारी असले तरी ते राहून जाणार नाही, असं मला वाटतं. तुमच्यापेक्षा मला शहाणपण आहे म्हणून नाही.

चूल मी पूर्वेच्या भिंतीला घेतली. धूर कमी होतो.

आता मुख्य. यंदाची आखाजी चोवीस तारखेला आहे. गावातल्या सगळ्या पोरी माहेरी येतील. मागल्या अंगणातल्या कडुनिंबाच्या झाडाला झोका बांधायचा म्हणून पोरींचा घोष चाललाय. मी सातव्या पुरचुंडीतून तुमचं आणि दोघी पोरींचं येण्या-जाण्याचं तिकीट आणि तुमचं एक लुगडं असे पैसे काढून ठेवले आहेत. तुम्ही आखाजीला माहेरी या. चार दिवस काहीही करायचं नाही. हे चाळीसगावला गाडी घेऊन येतील.

आपली,
शेवंती


धुळे, चैत्र वद्य ३

चि. सौ. शेवंतीस भिकुबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुलीत घालणार होते. तीस वर्षं ज्या घरात राहिले, त्या घरात तू मला चार दिवसांची पाहुणी म्हणून बोलावतेस. लुगडं देतेस, तिकिटाचे पैसे देतेस. घरच्या माणसाला कुणी तिकीट देतं का? मला वाटलं, शेवंतीने गोड बोलून दार लावून घेतलं.

संध्याकाळी पुन्हा काढून वाचलं. तेव्हा आठवलं, मी आखाजीला माहेरी कधी आलेच नाही. गावभरच्या पोरी गाड्यांतून उतरायच्या, त्यांच्या आया वेशीपर्यंत धावायच्या. त्या झोक्यावर गाणी म्हणत बसायच्या आणि मी आत त्यांच्यासाठी सांजोऱ्या तळत असायची. मी येणार कुठून होते? जी तिथून गेलीच नव्हती तिला कोण घ्यायला येणार. लग्न होऊन गेलेल्या वर्षी आखाजीला बोलावणं आलं होतं, पण त्याच आठवड्यात तिकडे ते वारले.

थोरलीला ते पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, अक्का, तुमचं माहेर कुठे आहे? मी भडगाव म्हटलं. भडगाव माझं माहेर, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

येते मी. अभिमनला बावीस तारखेच्या सकाळच्या गाडीला यायला सांग. लुगडं निळं नको, माझ्याकडे निळी दोन आहेत. वनाच्या बायकोला तू उघडपणे दिलंस ते बरोबर आहे, हे मला पटलंय, आणि पटलं म्हणून आणखी राग आला. जळणं माझ्या अंगातून इतक्या लवकर जाईल अशी आशा धरू नकोस. मी स्वयंपाकघरात शिरले तर मला बाहेर काढ. मी वही मागितली तर देऊ नकोस.

आणि दारात भाकरतुकडा ओवाळून टाकताना माझ्या तोंडाकडे बघू नकोस. चूल कुठे नेलीस ते बघायची घाई मला असेल, आणि डोळे भरलेले असतील. त्यातलं तुला आधी काय दिसेल ते मला आत्ता सांगता येत नाही.

भिकुबाई